फोनवरचा व्हिडिओ पिक्चरसारखा का दिसत नाही? (आणि एका काळ्या काचेची खरेदी)

खुडबुड्या

गेले चार महिने डोक्यात एक किडा वळवळतोय, तो इथे सोडतो.

नवा फोन घेतला. कॅमेऱ्यासाठीच घेतोय असं घेताना स्वतःला पटवलं, नेहमीप्रमाणे. सगळी सेटिंग कमाल करून टाकली : ४के, सेकंदाला ६० फ्रेम्स (म्हणजे चौकटी). पहिल्याच रविवारी भाचीचा सायकल शिकतानाचा व्हिडिओ काढला. भर दुपार, लख्ख ऊन. तिने चाकाच्या आऱ्यांमध्ये लाल-पिवळे मणी ओवलेत, सायकलपेक्षा त्यांचंच कौतुक जास्त. रात्री टीव्हीवर लावला. आरा न् आरा मोजता येत होता, केसाची बट न् बट दिसत होती, आणि तरी वाटत होतं की आपण सीसीटीव्हीचं फुटेज बघतोय. चोर कधी येतो याची वाट बघावी, तसं.

कुठेतरी वाचलं की सिनेमा २४ फ्रेम्सचा असतो. पुढच्या रविवारी २४ वर काढला. ते तर आणखी वाईट! सायकल ठेचकाळत चालल्यासारखी दिसायला लागली.

मग माझ्यासारखा माणूस जे करतो तेच केलं, वस्तू घेतली. गिंबल, म्हणजे फोन स्थिर धरणारा मोटारवाला दांडा. हात हलायचा थांबला, ठेचकाळणं तसंच. मग फोनच्या लेन्सवर चिकटवायची आणखी एक लेन्स आणली. तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

बऱ्याच खुडबुडीनंतर लक्षात आलं की भानगड लेन्सची नाहीच, शटरची आहे. रिळाच्या कॅमेऱ्यात एक गोल फिरणारी चकती असते, साधारण अर्धी कापलेली. उघडी बाजू समोर असते तेव्हा फिल्म स्थिर उभी राहून प्रकाश खाते. बंद बाजू समोर आली की आतला पंजा फिल्मला चार छिद्रं खाली ओढतो. पुन्हा उघडी, पुन्हा बंद. सेकंदाला २४ वेळा हा खेळ. म्हणजे प्रत्येक चौकटीला प्रकाश मिळतो तो १/४८ सेकंद. तेवढ्या वेळात हलणारा हात किंवा चाक चौकटीवर थोडं फराटल्यासारखं उमटतं. एक फराटा संपतो तिथून जवळच पुढचा सुरू होतो आणि डोळा ते सांधून घेतो.

आता फोन. बहुतेक फोनांच्या मुख्य लेन्सचं छिद्र लहान-मोठं करता येत नाही, एफ १.८ च्या आसपास ते कायमचं उघडं (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, खाली खाली आणून ५० केला तरी दुपारच्या उन्हात प्रकाश जास्तच होतो. मग फोनच्या हातात एकच गोष्ट उरते, शटरचा वेळ. तो जातो १/४००० सेकंदावर. चाक जागच्या जागी गोठलेलं. मग बराच वेळ काहीच नाही, मग पुढच्या जागी पुन्हा गोठलेलं. ठेचकाळणार नाही तर काय!

जुन्या फोटोग्राफरांचा एक आडाखा आहे, लख्ख उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर १/आयएसओ. त्यावरून कागदावर हिशेब केला. एफ १६ पेक्षा एफ १.८ मधून साधारण ८० पट प्रकाश येतो, त्यामुळे आयएसओ ५० ला १/४००० हे आकडे बरोबर जुळले. (शाळेनंतर पहिल्यांदाच गणित कुठेतरी पोचलं.) ४००० ला ४८ ने भागलं तर ८३. म्हणजे लेन्ससमोर अशी काळी काच हवी की जी प्रकाश ८० च्या आसपास पटींनी कमी करेल आणि रंगांना हात लावणार नाही. तिला एनडी फिल्टर म्हणतात. ६४ वाली सहज मिळते, सहा स्टॉप (म्हणजे सहा वेळा निम्मा केलेला प्रकाश). घेतली.

काच लावली, शटर १/५० वर कुलूपबंद केलं, भाचीला पुन्हा पिटाळलं. चाकाचे आरे गेले, नुसती चंदेरी चकती उरली. रस्त्यावर उभं राहून चाकाकडे बघितलं की डोळ्यालाही हेच दिसतं की. मी तो आठ सेकंदांचा तुकडा किती वेळा बघितला ते सांगत नाही.

विचारायचं ते असं : एकाच आकड्याची काच बरी की फिरवून कमी-जास्त करायची? आणि फोनवर २४ चा हट्ट धरण्यात अर्थ आहे का?

तिसरी घंटा

चकतीचं वर्णन आवडलं. एक भर घालते, कारण '२४ फ्रेम्स डोळ्याला पुरतात म्हणून २४' हे कुणीतरी इथे लिहिणारच.

२४ चा आकडा डोळ्यामुळे नाही, कानामुळे आला. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला १६ ते २० चौकटी, कधी जास्त. थिएटरातला ऑपरेटर आपल्या मर्जीने आणखी पळवायचा. चित्र थोडं पळालं तर बिघडत नाही, माणसं जरा लगबगीने चालतात एवढंच. पण १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले आणि आवाज चित्राच्या वेगाशी बांधला गेला. वेग हलला की नायकाचा आवाज चिरका होणार. म्हणून वेग एकच आणि पक्का हवा झाला. आवाज फिल्मच्या कडेला छापायचा तर फिल्म पुरेशी वेगातही हवी, नाहीतर तो स्पष्ट येत नाही. पण फिल्म महाग. २४ ला ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत फस्त. निर्माते त्याहून वर जायला कशाला तयार होतील? त्या तडजोडीला आता शंभरेक वर्षं होत आली आणि आपण तिलाच 'सिनेमाचा फील' म्हणतो.

शिवाय थिएटरात डोळ्यावर २४ वेळा प्रकाश पडतच नव्हता. प्रोजेक्टरचं शटर एकच चौकट दोनदा किंवा तीनदा दाखवायचं. म्हणजे सेकंदाला ४८ किंवा ७२ लुकलुकी. नुसत्या २४ लुकलुकींवर डोकं धरून बसावं लागलं असतं.

उलटा प्रयोगही झालेला आहे. 'द हॉबिट'चा पहिला भाग २०१२ साली ४८ फ्रेम्सवर काढला आणि ज्या थिएटरांत सोय होती तिथे तसाच दाखवला. चित्र दुप्पट गुळगुळीत. आणि बऱ्याच प्रेक्षकांची तक्रार काय, तर सेट हा सेट वाटतोय, दाढी चिकटवलेली वाटतेय. तुमच्या सीसीटीव्हीचंच भावंड.

बाबांच्या घरी नवीन टीव्ही आला तेव्हाची गोष्ट. त्यांनी आयुष्यभर पाहिलेला एक जुना कृष्णधवल चित्रपट लावला आणि पाच मिनिटांत म्हणाले, "ही सिरियल कधी काढली यांनी?" मला आधी काही कळेना. चित्र तर स्वच्छ होतं. मग नायिका जिना उतरताना बघितली आणि उमगलं. ती उतरत नव्हती, तुपावरून घसरल्यासारखी ओघळत होती. टीव्ही दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाच्या चौकटी घुसडत होता. ही सोय दुकानातून येतानाच चालू असते आणि प्रत्येक कंपनीने तिला वेगळं गोंडस नाव दिलेलं असतं, त्यामुळे सापडतही नाही. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने एका दिग्दर्शकाला शेजारी उभं करून व्हिडिओ काढला होता, ही सोय बंद करा म्हणून विनवणारा. पुढच्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला. टीव्हीत असेल तर तेवढं एक बटण दाबा, सगळी घुसडाघुसडी बंद होते. बाबांचा टीव्ही त्याआधीचा. चार मेनू खाली जाऊन बंद केलं. नायिका पुन्हा पायऱ्या उतरायला लागली.

शून्य टक्के

वा, माझ्या आवडीचा विषय. फोनच्या बाजूने लिहितो.

२४ चा हट्ट धरावा का, हे कशावर बघणार त्यावर आहे. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर २४ चौकटी समान वाटता येत नाहीत. ६० ला २४ ने भागा, अडीच येतात. पडदा अडीच वेळा कसा दाखवणार? मग एक चौकट तीनदा, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा. कॅमेरा सावकाश वळतो तेव्हा हे लंगडणं चांगलं जाणवतं. १२० हर्ट्झवर प्रत्येक चौकट बरोब्बर पाच वेळा. लोक १२० चा पडदा स्क्रोल करायला घेतात, मी म्हणतो सिनेमासाठी घ्या. तेव्हा 'शटर नीट लावलं तरी झटके येतात' असं वाटलं तर काढलेल्याला दोष देण्याआधी दाखवणारा पडदा तपासा.

दुसरं, हे तुम्हाला अजून चावलेलं नाही, पण चावेल. फोन २४ म्हणतो, पण पक्के २४ देतोच असं नाही. प्रकाश कमी झाला, फोन तापला की चौकटींमधलं अंतर थोडं मागेपुढे होतं. नुसता बघताना कळत नाही. पण आवाज वेगळ्या माइकवर घेतला आणि एडिटिंगला बसलात की सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि दहाव्या मिनिटाला माणूस बोलून झाल्यावर आवाज येतो. मी एक अख्खी मुलाखत अशी तुकडे तुकडे करून सांधली, दोन रात्री गेल्या. नंतर कळलं की 'हँडब्रेक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल आधी एकसारख्या फ्रेम रेटवर करून घ्यायची आणि मगच एडिटिंगला न्यायची. दोन रात्री!

तिसरं म्हणजे शटर कुलूपबंद कशात करता? फोनच्या मूळ ॲपमध्ये व्हिडिओसाठी ती सोय बहुधा नसते. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' मोफत आहे आणि त्यात सगळं हाताने लावता येतं, चौकटींचा वेगही.

चकवा

सगळं वाचलं. भाची सायकल शिकतेय, ती पडणार हे ठरलेलं, आणि मामा काच पुसतोय.

हलकेच घ्या. पण खरं सांगू? माझ्या कपाटात एक गिंबल आहे, कॉलरचे दोन माइक आहेत, एक गोल दिवा आहे, तीन ट्रायपॉड आहेत. (तिसऱ्याचा पाय दुसऱ्याला लावलाय, म्हणजे अडीच म्हणा.) यातलं वापरात आहे एक. कॉलरचा माइक. घरच्यांचे व्हिडिओ पुन्हा बघतो तेव्हा शटर कुणालाच दिसत नाही, पण वाऱ्याचा घूं घूं आवाज सगळ्यांना ऐकू येतो. भाची पहिल्यांदा तोल सावरते तेव्हा ती काय ओरडली, ते ऐकू येतंय का तुमच्या त्या आठ सेकंदांत?

खुडबुड्या

@चकवा, नाही. वारा आहे. लागलं ते.

@शून्य टक्के, तेच ॲप. तापण्याचं मात्र आधीच चावलंय. उन्हात वीस मिनिटं धरला की पडदा आपोआप मंद होतो, आणि नेमका तेव्हाच मला काय दिसतंय ते कळायला हवं असतं.

@तिसरी घंटा, 'तुपावरून घसरल्यासारखी'! माझ्या टीव्हीतही ते चालू होतं. म्हणजे ज्या टीव्हीवर बघून मी गिंबल घेतला, तो टीव्हीच फितूर निघाला.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी घरात भरतकामाचे व्हिडिओ काढते. ऊन नाही, त्यामुळे काळ्या काचेचा प्रश्न नाही. पण दिव्याखाली काढलं की चित्रावरून आडवे पट्टे सरकत राहतात. दिवसा खिडकीशी काढलं की नसतात. फोन खराब आहे का?

शून्य टक्के

फोन ठणठणीत आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. स्वस्त एलईडी तर जवळजवळ विझून पेटतात. डोळ्याला ते कळत नाही. पण फोनचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. काही ओळींच्या वाट्याला पेटलेला दिवा येतो, काहींच्या वाट्याला मंदावलेला. तेच पट्टे. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचे पूर्ण हेलकावे मिळतील. जिथे वीज ६० हर्ट्झ आहे तिथे १/६० किंवा १/१२०. हाताने शटर लावायचं नसेल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'फ्लिकर' किंवा ५०/६० असं काही आहे का ते बघा.

(खुडबुड्या १/४८ ऐवजी १/५० ठेवतात ते म्हणूनच असणार. की नकळत?)

खुडबुड्या

नकळत. पण आता कळून केलं असं समजा.

वाचनमात्र

१/१०० केलं. पट्टे गेले! सहा महिने मी नुसते दिवे बदलत होते.

तिसरी घंटा

काचेचा मूळ प्रश्न राहूनच गेला. फिरवायची काच म्हणजे एकावर एक दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या काचा). एक फिरवला की प्रकाश कमी होत जातो. सोय उत्तम, ढग आले-गेले की लगेच जुळवता येतं. पण टोकापर्यंत फिरवली की चित्रावर फुलीसारखा गडद डाग उमटतो, वाइड लेन्सला तर फारच लवकर. शिवाय पोलरायझरच असल्यामुळे पाण्यावरची चमक आणि आकाशाचा निळा तुम्ही न सांगता बदलतो. स्वस्त काचेत रंग हिरवट किंवा तपकिरीकडे झुकतो. माझं मत एकाच आकड्याच्या दोन काचांना. बदलण्याचा कंटाळा येतो हे मान्य.

आणि एक. १/४८ हा नियम म्हणजे वेद नव्हे. चकतीची फट लहान-मोठी करता यायची. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) मधली किनाऱ्यावरची लढाई ४५ आणि ९० अंशांच्या फटीवर काढली आहे, नेहमीच्या १८० वर, म्हणजे अर्ध्या चकतीवर नाही. उडणारा वाळूचा कण न् कण वेगळा दिसतो, माणसं तुटक, धसकल्यासारखी हलतात. म्हणजे तुमच्या भाचीच्या पहिल्या व्हिडिओत जो दोष होता, तोच त्यांनी मुद्दाम आणला.

खुडबुड्या

धागा वर काढतोय, कारण काल एक विचित्र प्रकार झाला. कुणाचे तरी तास वाचतील म्हणून सविस्तर लिहितो.

लांबून काढायचं होतं म्हणून काच मुख्य लेन्सवरून काढून टेलिफोटोवर बसवली. ॲप न उघडता फोनच्याच कॅमेऱ्यात ५एक्स दाबलं. चित्र चकचकीत उजळ! काच आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकं. काच काढली, पुसली, पुन्हा लावली. तेच. वाटलं काच खोटी दिली. दुकानदाराला लिहायचा मजकूरही मनात तयार झाला, जरा तिखटच.

मग सहज चाळा म्हणून टेलिफोटोवर अंगठा दाबून धरला. पूर्ण झाकली. पडद्यावर झाड हलत होतं.

म्हणजे मी लेन्स बंद केली आहे आणि फोन मला झाड दाखवतोय! काही क्षण खरंच भुताटकी वाटली. मग अंगठा मुख्य लेन्सवर ठेवला आणि पडदा काळा झाला. तेव्हा ट्यूब पेटली. काच लावल्यामुळे टेलिफोटोला अंधार दिसत होता. अंधारात तिचं चित्र खराब येईल म्हणून फोनने मला न विचारता मुख्य लेन्सचं चित्र मधून कापून, मोठं करून '५एक्स' म्हणून दाखवलं. मी लांबचं टिपतोय या समजुतीत, आणि तो जवळच्या लेन्सने वेळ मारून नेतोय. काळी काच तिकडे नुसतीच शोभेला.

नंतर चाचणीच करून बघितली. घरात संध्याकाळी काच न लावतासुद्धा तो हेच करतो. जवळच्या वस्तूवर नेला तरी हेच. तुमच्या फोनमध्ये वेगळी टेलिफोटो असेल तर आत्ता अंगठा ठेवून बघा. मजा येते आणि थोडा अपमानही होतो.

शून्य टक्के

हाहा, अंगठा चाचणी! बरोबर निदान आहे. उपाय म्हणजे तेच हाताने लावायचं ॲप वापरा आणि लेन्स स्वतः निवडा, मग ती बदलत नाही. काही फोनांच्या मूळ सेटिंगमध्येही रेकॉर्डिंग चालू असताना लेन्स न बदलण्याची सोय असते, पण सुरुवात कुठल्या लेन्सने झाली ते तुम्हीच बघायचं.

आणि लांबच्या लेन्सला १/५० वर स्टॅबिलायझेशनची गंमतही बघून घ्या. फोन चित्र स्थिर करतो, पण चौकट उघडी असताना हात हलला त्याचा फराटा पुसू शकत नाही. मग जागचं न हलणारं झाड मध्येच अस्पष्ट होतं, पुन्हा स्पष्ट होतं. श्वास घेतल्यासारखं. ट्रायपॉड लावा.

चकवा

ट्रायपॉड माझ्याकडे अडीच आहेत. मागा.

खुडबुड्या

शेवटचं एक. काल भाचीला दोन्ही व्हिडिओ एकामागून एक दाखवले. आधी पहिला, उन्हातला, सीसीटीव्हीछाप. मग माझा लाडका, काच लावलेला. मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, कुठला छान आहे?

तिने क्षणभरही विचार केला नाही. पहिला.

का गं?

"दुसऱ्यात माझे मणी कुठे गेले?"

बघितलं तर खरंच. ज्या चंदेरी चकतीवर मी खूश होतो, तिच्यात लाल-पिवळा नुसता धूर होता. पहिल्यात मणी न् मणी दिसतो, मोजा हवे तर.

मग @तिसरी घंटा यांचे ९० अंश आठवले. २४ ला ९० म्हणजे १/९६, धरा १/१००. काल ढग होते, त्यामुळे ६४ चीच काच ठेवून आयएसओ वाढवून काढून बघितलं. आरे पुसट होतात आणि मणी छोट्या रंगीत रेघा होऊन फिरतात. तिला दाखवलं. "हं," म्हणाली. तिच्याकडून हे बरंच झालं.

आता लख्ख उन्हात आयएसओ ५० ठेवून हेच करायचं तर ४००० भागिले १००, म्हणजे ४०. जवळची काच ३२ ची.

ती माझ्याकडे नाही.

चकवा

वाटच बघत होतो. सोबत माइकही मागवा.